तक्रार देवापुढे मांडा म्हणालात, म्हणून: मंडळीच्या पुढाऱ्यांना खुले पत्र

आदरणीय धर्मगुरू, वडीलमंडळ आणि विश्वस्तहो,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात सलाम.

गेल्या महिन्यात एका रविवारी, शेवटच्या आशीर्वादाआधी, तुमचे परिपत्रक वाचून दाखवण्यात आले. न्याय आणि मदत समिती बरखास्त. यापुढे व्यासपीठावरून, प्रार्थना सभेत किंवा तरुण संघात तीन विषय काढायचे नाहीत: चर्चच्या कामगारांचे वेतन, मंडळीचा हिशेब आणि पुढाऱ्यांविरुद्धच्या तक्रारी. हे विषय आध्यात्मिक नाहीत आणि त्यांनी मंडळीची शांती बिघडते, असे कारण दिले होते. ज्याला काही सांगायचे असेल त्याने ते प्रार्थनेत देवापुढे मांडावे, असा शेवट होता.

त्या समितीचे इतिवृत्त मी लिहीत असे. कोणता विषय कधी आला, कोण काय बोलले आणि पुढे काय झाले (बहुतेक वेळा काहीच झाले नाही) हे माझ्याच हस्ताक्षरात आहे. परिपत्रकानंतर मी तुम्हाला खासगीत लिहिले, भेटीची वेळ मागितली. उत्तर आले नाही, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे. मंडळी सोडायचा माझा विचार नाही. बाप्तिस्म्यापासून आईवडिलांच्या अंत्यविधीपर्यंत माझ्या घरातले सगळे याच वेदीसमोर झाले. घर आपले असले की त्याच्या गळक्या छपराविषयी बोलायचा हक्कही आपलाच असतो.

आधी तुमच्या सल्ल्याविषयी. 'देवापुढे मांडा' हे मी मनावर घेतले आणि प्रार्थनेबद्दल प्रभूने काय शिकवले ते पुन्हा वाचायला बसले. लूकच्या शुभवर्तमानात 18व्या अध्यायाच्या आरंभी एक दाखला आहे. तो कशासाठी सांगितला हे लूक आधीच सांगून टाकतो: सर्वदा प्रार्थना करावी आणि खचून जाऊ नये म्हणून. आता इथे कोणी गुडघे टेकलेला, डोळे मिटलेला भक्त भेटेल असे वाटते. भेटते ती एक विधवा, आणि ती न्यायाधीशाच्या दारात उभी आहे. न्यायाधीश देवाला भीत नाही, माणसांची भीड धरत नाही. ती पुन्हा पुन्हा येते आणि एकच मागते, माझ्या प्रतिवादीविरुद्ध मला न्याय द्या. शेवटी तो तिच्या कटकटीला वैतागून न्याय देतो.

दाखल्याचा रोख देवाच्या न्यायीपणावर आहे, हे मला कळते. असा माणूससुद्धा अखेर ऐकतो, तर देव आपल्या लोकांचे का ऐकणार नाही, असा तो युक्तिवाद आहे. पण चिकाटीची प्रार्थना कशी असते हे दाखवायला प्रभूने जे उदाहरण निवडले ते हक्क मागणाऱ्या बाईचे आहे, गप्प बसणाऱ्या बाईचे नाही. तुम्ही प्रार्थना एका खोलीत आणि न्यायाची मागणी दुसऱ्या खोलीत ठेवून मधले दार बंद केलेत. या दाखल्यात ते दार मला कुठे सापडले नाही. त्या बाईला कोणी 'घरी जा आणि प्रार्थना कर' म्हणाले असते, तर ती म्हणाली असती, मी तेच करते आहे.

आता माझ्या तक्रारी. सगळ्यांत मोठी आधी सांगते.

आपल्या चर्चची झाडलोट करणाऱ्या बाई तुम्हा सर्वांना माहीत आहेत. नाव मी लिहीत नाही, त्यांना त्रास व्हायला नको. आपण उपासनेला येतो तेव्हा बाक पुसलेले असतात, वेदीवरचे कापड धुऊन इस्त्री केलेले असते, प्रभुभोजनाची भांडी लख्ख असतात. कित्येक वर्षे हे त्यांनी केले. त्या आजारी पडल्या तेव्हा त्यांच्या जागी दुसऱ्या बाई आल्या आणि यांचे पैसे त्याच दिवसापासून थांबले. नेमणुकीचा कागद कधी दिलेला नव्हता. आजारपणाची रजा नव्हती. म्हातारपणासाठी काही बाजूला टाकलेले नव्हते. समितीने हा विषय काढला तेव्हा एक विश्वस्त म्हणाले, ही काही नोकरी नव्हे, ही देवाची सेवा आहे, तिचे प्रतिफळ स्वर्गात आहे. ते वाक्य इतिवृत्तात आहे. मी ते जसेच्या तसे उतरवले, कारण त्यावर आमच्यापैकी कोणालाच पटकन काही बोलता आले नाही.

आज बोलते. कामकरी आपल्या मजुरीला पात्र आहे, हे प्रभूचे शब्द लूकच्या 10व्या अध्यायात आहेत, आणि ते त्याने कोणाला सांगितले? राज्याची सुवार्ता सांगायला पाठवलेल्या शिष्यांना. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात तेच वचन पुन्हा येते, मळणी करणाऱ्या बैलाला मुसके बांधू नको या नियमाशेजारी, आणि तिथे ते वचन व शिक्षण यांसाठी श्रम करणाऱ्या वडिलांना लागू केले आहे. म्हणजे प्रभूची सेवा करणाऱ्यालाच मजुरी मिळाली पाहिजे, असे शास्त्र म्हणते. धर्मगुरूंचे मानधन, राहायला घर, निवृत्तीनंतरची सोय या सगळ्याच्या मुळाशी हेच वचन आहे. ती सोय योग्यच आहे, तिच्यातला छदामही कमी करा असे मी म्हणत नाही. पण प्रवचन करणाऱ्याची सेवा पगाराला पात्र आणि फरशी पुसणाऱ्या बाईची सेवा फक्त स्वर्गातल्या प्रतिफळाला पात्र, हा भेद कोणत्या अध्यायात आहे ते मला दाखवा.

नियमशास्त्रात तर मुदतसुद्धा घातली आहे. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नको, असे लेवीय 19 सांगते. अनुवाद या पुस्तकाचा 24वा अध्याय म्हणतो, सूर्य मावळण्यापूर्वी देऊन टाक, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशांकडे लागलेला असतो. नाहीतर तो तुझ्याविरुद्ध परमेश्वराकडे गाऱ्हाणे नेईल आणि तुला पाप लागेल. याकोब आपल्या पत्रात आणखी पुढे जातो. त्याच्या 5व्या अध्यायात अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते, आणि कापणी करणाऱ्यांचा आक्रोश सेनाधीश प्रभूच्या कानी गेलेला आहे. 'तक्रार देवापुढे मांडा' असे तुम्ही लिहिलेत तेव्हा हे वचन तुमच्यासमोर होते का? ती तक्रार तिथे पोहोचलेली आहे. तुमच्याविरुद्ध.

हे काही माझे खासगी मत नव्हे. पोप लिओ तेरावे यांनी 1891 मध्ये कामगारांच्या स्थितीवर जे पत्र काढले त्यात मजुरी बुडवणे हे स्वर्गाकडे दाद मागणारे पाप म्हटले आहे. 1971 मध्ये रोममध्ये जगभरच्या बिशपांची सभा भरली, तिने न्यायासाठी झटणे हा सुवार्ता सांगण्याचाच अविभाज्य भाग असल्याचे म्हटले, आणि लगेच स्वतःकडे बोट वळवले. जो न्यायाविषयी बोलतो त्याने आधी लोकांच्या नजरेत न्यायी असले पाहिजे. चर्चसाठी राबणाऱ्यांना पुरेसे वेतन आणि सामाजिक सुरक्षा मिळाली पाहिजे. स्त्रियांना जबाबदारीत त्यांचा वाटा मिळाला पाहिजे. ज्यांचा पंथ वेगळा आहे त्यांनी हे कॅथलिकांचे म्हणून बाजूला ठेवायची गरज नाही. याकोबाचे पत्र सगळ्यांच्याच शास्त्रात आहे.

याच वर्षी तुम्ही आम्हाला अर्थपूर्ण जीवनावर प्रवचनमाला ऐकवलीत. मी एकही रविवार चुकवला नाही. मनःशांती, ध्येय, कुटुंबातला संवाद, वेळेचे नियोजन असे विषय होते, आणि त्यात वाईट काही नव्हते. फक्त यिर्मया संदेष्ट्याच्या 22व्या अध्यायाची वाट पाहत राहिले, तो आला नाही. तिथे यहोयाकीम राजा आपला प्रशस्त वाडा बांधतो आहे, गंधसरूची तावदाने, तांबडा रंग, आणि मजुरांना मजुरी नाही. यिर्मया त्याला त्याच्या बापाची, योशीयाची, आठवण देतो. तुझा बाप खातपीत नव्हता काय? पण तो न्यायाने वागला आणि त्याचे बरे झाले. त्याने दीनदुबळ्यांचा न्याय केला. मग परमेश्वर विचारतो, मला ओळखणे ते हेच नव्हे काय?

जीवनाच्या अर्थाविषयी शास्त्रात इतके थेट उत्तर मला दुसरीकडे क्वचितच दिसले. योशीया काही संन्यासी नव्हता. तो जेवत होता, पीत होता, राज्य करत होता, चारचौघांसारखे सुख त्यालाही होते. पण त्याच्या दारात आलेल्या गरिबाचे काम होत होते, आणि देवाची ओळख म्हणतात ती तिथे होती. देवाला ओळखायचे आणि मजुराला ओळखायचे नाही, अशी सोय यिर्मयाने ठेवलेली नाही. मत्तय 25 मध्येही तसेच. उजवीकडचे आणि डावीकडचे दोघेही एकच प्रश्न विचारतात, प्रभू, आम्ही तुला केव्हा पाहिले? देव समोर आहे हे दोघांनाही कळले नव्हते. उजवीकडच्यांनी आध्यात्मिक लाभाचा हिशेब करून पाणी दिले नव्हते. माणूस तहानेला होता, एवढेच त्यांना दिसले. आपल्या तरुणांना जगण्याचे प्रयोजन सापडत नाही, अशी चिंता तुम्ही वार्षिक सभेत व्यक्त केली होती. त्यांच्यापैकी काहींना ते त्या समितीत सापडले होते. आजारी माणसाला दवाखान्यात नेणे, अर्ज लिहून देणे, कामावरून काढलेल्या माणसासोबत कार्यालयात जाऊन बसणे. उपासनेला न येणारी मुले यासाठी येत होती. आता त्यांना काय सांगायचे ते तुम्हीच ठरवा.

दुसरी तक्रार लिहिताना हात जड होतो, म्हणून थोडक्यात लिहिते. मंडळीतल्या एका मुलीने जबाबदारीच्या जागेवरच्या एका माणसाच्या वागणुकीविषयी तक्रार केली. तिला मत्तय 18 वाचून दाखवण्यात आले: तुझ्या बंधूने अपराध केला तर त्याच्याकडे एकटी जा. आणि मग क्षमेवर एक लांबलचक शिकवण. तो माणूस अजून त्याच जागेवर आहे. मुलगी उपासनेला येत नाही.

त्याच मत्तय 18 मध्ये त्याआधी काय आहे? लहानांपैकी एकाला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवणे बरे, हे वाक्य तिथून फार लांब नाही. ते वाक्य तिला कोणी वाचून दाखवले नाही, त्यालाही नाही. 'एकटी जा' ही तर पहिली पायरी आहे. पुढे दोघेतिघे साक्षीदार, आणि नंतर मंडळीला सांग, असे प्रभू म्हणतो. मंडळीला सांगायलाच तुमच्या परिपत्रकाने बंदी घातली आहे. शिवाय हा नियम बरोबरीच्या दोन भावांसाठी आहे. भेदरलेल्या मुलीने ताकदवान माणसाच्या खोलीत एकटीने जावे, असा त्याचा अर्थ काढणे क्रूर आहे. क्षमेबद्दल म्हणाल तर लूक 17 मध्ये प्रभू आधी म्हणतो दोष दाखव, मग म्हणतो त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा कर. जकातदार जक्कयाने पश्चात्ताप केला तेव्हा चौपट परत द्यायची भाषा केली, समोरच्यांकडे क्षमा मागून विषय मिटवला नाही. आणि वेदीजवळ अर्पण ठेवून आधी समेट करायला जा ही आज्ञा कोणाला आहे? ज्याच्याविरुद्ध दुसऱ्याच्या मनात काही आहे त्याला. तिला नव्हे.

रोमकरांस पत्राचा 13वा अध्याय तुम्ही अधिकाऱ्यांचे ऐकावे म्हणून अनेकदा वाचता. त्याच अध्यायात लिहिले आहे की अधिकारी वाईट करणाऱ्याला शासन करण्यासाठी देवाचा सेवक आहे. मग असा गुन्हा घडल्याचा आरोप असेल तर तो पोलिसांकडे नेणे हेही शास्त्राला धरूनच आहे. मंडळीची बदनामी होईल म्हणून ते टाळणे शास्त्रात मला सापडले नाही.

हिशेबाचे काय? आम्ही मागितले होते ते एवढेच की गरिबांसाठीच्या दानपेटीत किती जमले आणि कुठे गेले हे वर्षातून एकदा फलकावर लावावे. यावर अविश्वासाचा आरोप झाला. प्रेषित पौलापेक्षा जास्त विश्वासू खजिनदार मंडळीला मिळेल असे मला वाटत नाही, आणि यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी नेताना तो काय करतो ते दुसऱ्या करिंथकरांच्या 8व्या अध्यायात आहे. मंडळ्यांनी निवडलेला माणूस तो सोबत घेतो. का, तर एवढ्या मोठ्या रकमेबाबत कोणी आपल्याला दोष देऊ नये म्हणून. केवळ प्रभूच्या दृष्टीने जे मान्य तेच नव्हे, माणसांच्या दृष्टीने जे मान्य तेही आम्ही पाहतो, असे तो लिहितो. पौलाला ज्याचा अपमान वाटला नाही त्याचा तुम्हाला का वाटावा?

इथे एक अवांतर. इमारत निधीसाठी दर वर्षी विधवेच्या दोन टोल्यांची, म्हणजे दोन क्षुल्लक नाण्यांची, गोष्ट सांगितली जाते: तिने सर्वस्व दिले, तुम्ही काय देणार? मार्कमध्ये ती गोष्ट 12व्या अध्यायाच्या शेवटी येते. तिच्या लगेच आधी प्रभू शास्त्र्यांपासून सावध राहा म्हणतो, जे लांब झगे घालून मिरवतात, सभास्थानात पुढच्या जागा धरतात, ढोंगाने लांब प्रार्थना करतात आणि विधवांची घरे गिळतात. पुढच्याच ओळींत एक विधवा आपली सगळी उपजीविका पेटीत टाकते. आणि लगेच पुढचा अध्याय उघडतो तो शिष्यांच्या कौतुकाने, गुरुजी, काय हे दगड, काय ही इमारत! प्रभू म्हणतो, इथे दगडावर दगड राहणार नाही. तिचे देणे थोर आहे यात शंका नाही. पण तिच्याकडे शेवटच्या दोनच टोल्या का उरल्या, हा प्रश्न मार्कने तिच्या शेजारीच ठेवला आहे, आणि इमारत निधीच्या प्रवचनात तो कधी येत नाही. चौथ्या शतकात प्रवचनकार योहान क्रिसोस्टम आपल्या श्रोत्यांना सांगत असे की चर्चमध्ये ख्रिस्ताला रेशमी वस्त्रांनी सजवून बाहेर थंडीत उघड्या पडलेल्या ख्रिस्ताकडे पाठ फिरवू नका. सोन्याचे प्याले नंतर, आधी भुकेला माणूस. त्याला पुढे हद्दपार करण्यात आले, हेही सांगायला हवे.

पुढच्या बाकांवर नेहमी देणगीदारच का बसतात, याकोबाच्या 2ऱ्या अध्यायातली सोन्याची अंगठी आपल्याकडे अजून का चालते, यावर मी काही लिहीत नाही. सगळ्यांना दिसते आहे.

शेवटची तक्रार परिपत्रकाविषयीच आहे. 1807 मध्ये लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी शास्त्राची एक वेगळी आवृत्ती छापली गेली. मिसरच्या गुलामगिरीतून इस्राएलांच्या सुटकेची कथा तिच्यातून वगळली होती. ख्रिस्तात दास नाही आणि स्वतंत्र नाही, हे गलतीकरांस पत्रातले वचन वगळले होते. दासांनी धन्याची आज्ञा पाळावी, हे मात्र ठेवले होते. ही आवृत्ती काढणारे नास्तिक नव्हते. सुवार्ता पसरवू पाहणारे भक्त लोक होते. त्याआधीच्या शतकात बार्बाडोसमध्ये एका मिशनरी संस्थेला मृत्युपत्राने उसाचे मळे मिळाले होते, गुलामांसकट, आणि तिथल्या गुलामांच्या छातीवर संस्थेच्या नावाचा डाग दिला जात असे. इंग्लंडच्या चर्चच्या महासभेने गुलामांच्या व्यापारातल्या आपल्या सहभागाबद्दल क्षमा मागितली ती 2006 मध्ये.

तुमची बरोबरी मी त्या लोकांशी करत नाही. पण तुमचे परिपत्रक शब्दशः पाळायचे तर आपल्या व्यासपीठावरून काय काय वाचता येणार नाही, याची यादी करून पाहा. आमोस तर पूर्णच जातो, कारण तो सणांचा आणि गीतांचा तिटकारा आल्याचे सांगून न्याय पाण्यासारखा वाहू द्या म्हणतो. मीखा 6, यशया 58, यिर्मया 22, याकोब 2 आणि 5, मत्तय 23. दावीदासमोर उभा राहून 'तो मनुष्य तूच आहेस' म्हणणारा नाथान, नाबोथाच्या मळ्यात अहाबाला गाठणारा एलीया. पहिले करिंथकर 11सुद्धा, जिथे पौल म्हणतो की एक उपाशी आणि एक तर्र, असे तुम्ही जमता तेव्हा ते प्रभुभोजन नसतेच. नाझरेथच्या सभास्थानात प्रभूने यशयाचे पुस्तक उघडून दीनांसाठी सुवार्ता आणि ठेचलेल्यांची सुटका वाचली होती. तोही विषय तुमच्या नियमात बसत नाही. नाझरेथकरांनाही तो शेवटी बसला नाही, त्यांनी त्याला कड्यावरून ढकलायला नेले.

शांती बिघडते म्हणाल तर ती कोणाची होती? 1963 मध्ये अमेरिकेतल्या बर्मिंगहॅममध्ये आठ धर्मगुरूंनी निवेदन काढून कृष्णवर्णीयांची आंदोलने अयोग्य आणि अवेळी असल्याचे म्हटले होते. ते भले लोक होते, त्यांना शांतता हवी होती. मार्टिन ल्यूथर किंग यांनी तुरुंगातून त्यांना जे उत्तर लिहिले ते जगाने वाचले. धर्मगुरूंचे निवेदन आज वाचले जाते ते त्या उत्तरामुळे.

आणि आज्ञाधारकपणाचा मुद्दा काढू नका, कारण आपल्यासमोर पंडिता रमाबाई आहेत. 1883 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि इंग्लंडमध्ये ज्या सिस्टर्सनी त्यांना मायेने सांभाळले त्यांनाच त्यांनी स्पष्ट लिहिले की एका पुरोहितशाहीचे जोखड मोठ्या कष्टाने उतरवून मी आले आहे, तसेच दुसरे खांद्यावर घेणार नाही. त्यांची श्रद्धा त्यामुळे उणी झाली असे मला वाटत नाही. आपण तर दर वर्षी त्यांची जयंती साजरी करतो.

तुम्ही विचाराल, मग पुढाऱ्यांनी तक्रार आल्यावर करायचे तरी काय? याचे उत्तर पहिल्याच मंडळीत आहे. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6. ग्रीक बोलणाऱ्या विश्वासणाऱ्यांनी कुरकुर केली की रोजच्या वाटपात आमच्या विधवांची उपेक्षा होते. विषय तिन्ही बाजूंनी तुमच्या बंदीत बसणारा होता: पैसा, हिशेब आणि पुढाऱ्यांविरुद्ध तक्रार. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना प्रार्थनेला पाठवले नाही. त्यांनी सगळ्या शिष्यांना बोलावले. आम्ही वचनाच्या सेवेत राहतो, हे काम पाहायला तुम्हीच माणसे निवडा, असे सांगितले. निवडलेल्या सातांची नावे वाचा: स्तेफन, फिलिप, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सगळी नावे ग्रीक आहेत. ज्यांच्या विधवा उपाशी राहत होत्या, वाटपाची जबाबदारी बहुधा त्यांच्याच माणसांकडे गेली. आणि पुढच्याच ओळीत लूक लिहितो की देवाच्या वचनाचा प्रसार झाला आणि शिष्यांची संख्या फार वाढली. मंडळी फुटली नाही. प्रेषित म्हणाले की वचनाची सेवा सोडून आम्ही पंक्तिसेवा करावी हे ठीक नाही, हे खरे. पण पंक्तिसेवा बंद करा असे ते म्हणाले नाहीत. तिच्यासाठी पवित्र आत्म्याने आणि ज्ञानाने भरलेली माणसे शोधा म्हणाले, आणि त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना केली.

'गरीब तर नेहमी तुमच्याजवळ आहेत' हे वाक्य मला परिपत्रकानंतर दोघांनी ऐकवले. प्रभू तेव्हा ज्या अनुवाद 15ची आठवण देत होता, तिथे वाक्य पुढे चालू राहते: म्हणून मी तुला आज्ञा करतो की आपला हात सैल सोड.

माझ्या मागण्या या आहेत.

परिपत्रक मागे घ्यावे आणि ते जिथे वाचले तिथेच, रविवारच्या उपासनेत, मागे घेतल्याचे जाहीर करावे.

चर्चमध्ये आणि चर्चच्या संस्थांमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाला नेमणुकीचे पत्र, देशाच्या कायद्याने ठरवलेल्यापेक्षा कमी नसलेले वेतन, आजारपणाची भरपगारी रजा आणि निवृत्तीची तरतूद द्यावी. कायद्यात जे किमान आहे ते पाळून आपण काही मोठे पुण्य करत नाही, हेही लक्षात असावे. ज्या बाईंचा उल्लेख मी वर केला त्यांची थांबवलेली रक्कम आधी द्यावी, इमारत निधीतून द्यावी लागली तरी.

गैरवर्तनाच्या तक्रारींसाठी एक गट नेमावा. त्यात पुढाऱ्यांचे नातेवाईक नसावेत, निम्म्याहून अधिक स्त्रिया असाव्यात आणि मंडळीबाहेरची एक जाणकार व्यक्ती असावी. तक्रार गुन्ह्याच्या स्वरूपाची असेल तर ती पोलिसांकडे जाईल, हे लेखी ठरवावे. चौकशी चालू असताना संबंधित माणूस जबाबदारीच्या जागेवर राहणार नाही. त्या मुलीला भेटायला जावे, तिच्या आईवडिलांच्या परवानगीने, आणि तिला क्षमा करायला सांगू नये. ऐकावे.

जमाखर्च दर वर्षी बाहेरच्या हिशेबतपासनिसाकडून तपासून घेऊन फलकावर लावावा. गरिबांच्या निधीचा वेगळा.

समिती पुन्हा उभी करावी, तुमच्या नेमणुकीने नव्हे, मंडळीच्या निवडीने, आणि ज्यांना मदत लागते त्यांच्यातले लोक तिच्यात असावेत. मला त्यात घेतले नाही तरी चालेल. इतिवृत्ताची वही मी ज्यांना निवडाल त्यांच्या स्वाधीन करीन.

मधल्या काळात मी उपासनेला येतच राहीन, अर्पणही देईन, पण गरिबांच्या निधीचे माझे पैसे हिशेब लागेपर्यंत पेटीत पडणार नाहीत. ते थेट जिथे जायला हवेत तिथे जातील. इतरांनी काय करावे हे मी सांगणार नाही, विचारले तर मी काय करते ते लपवणारही नाही.

उत्तर लेखी द्यावे आणि ते मंडळीसमोर वाचावे. वार्षिक सभेच्या आधी आले नाही, तर हेच मुद्दे मी सभेच्या विषयपत्रिकेसाठी रीतसर सूचना म्हणून देईन. आवश्यक तेवढ्या सभासदांच्या सह्या घेण्याचे काम सुरू झाले आहे.

ख्रिस्ताठायी तुमची भगिनी,
बरखास्त समितीची इतिवृत्त-लेखिका